कॉलेज फुटबॉल प्लेऑफ: थंडी किती आणि कमिटी किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा जळगावचा, ओहायोत एमएस करतोय, रूममेट नॉक्सव्हिलचा म्हणजे कट्टर टेनेसीवाला. २०२४ च्या डिसेंबरात दोघं कोलंबसला ओहायो स्टेट विरुद्ध टेनेसी ही कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफची, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीची, मॅच बघायला गेले, टेनेसी ४२-१७ हरली, आणि तेव्हापासून रूममेटची एकच टेप चालू आहे की आम्हाला थंडीने मारलं आणि त्या थंडीत आम्हाला टीम निवडणाऱ्या कमिटीने मुद्दाम ढकललं. तर साउथच्या टीम खरंच थंडीत हरतात का, टीम निवडताना कमिटी हवामान बघते का, आणि परत जायचं झालं तर अंगावर काय काय चढवायचं, असे तीन प्रश्न.

मी मूळचा निफाडचा. फिजिओथेरपी करून इकडे आलो, ॲथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स केलं आणि गेली सतरा वर्षं मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल टीमबरोबर साइडलाइनवर उभा असतो. ट्रेनर म्हणजे जिमवाला नव्हे, घोटे टेप करणं, खांदा जागेवर बसवणं, कोण खेळू शकतो आणि कोण नाही हे कोचला तोंडावर सांगणं, हे माझं काम. टीव्हीवरच्या मोठ्या टीमचा माझा संबंध नाही, पण थंडी सगळ्यांना सारखीच लागते, त्यामुळे त्याबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं धरून चालतो.

आधी रूममेटचा मुद्दा. २०२४ ला पहिल्यांदा बारा टीमचं प्लेऑफ झालं (त्याआधी २०१४ च्या सीझनपासून चारच टीम असायच्या) आणि पहिल्या फेरीच्या चार मॅच पहिल्यांदाच कॉलेजांच्या स्वतःच्या मैदानांवर झाल्या. चारही घरच्या टीमने जिंकल्या, चारही आरामात. झालं, लगेच सगळीकडे सुरू झालं की बघा, थंडी. पण बाबा, चारही मॅच सुट्या सुट्या बघ ना. नोत्र दाम विरुद्ध इंडियाना, नोत्र दामच्या गावी साउथ बेंडला, उणे तीनच्या आसपास तापमान, नोत्र दाम २७-१७. आता इंडियाना काय गोव्याहून आली होती का? दोन्ही एकाच राज्यातल्या टीम, दोघांना तीच थंडी. टेक्सास विरुद्ध क्लेमसन ऑस्टिनला, तिथे थंडीच नव्हती, लोक टीशर्टवर, तरी पाहुणे हरलेच, ३८-२४. म्हणजे गरम प्रदेशातली टीम खऱ्या थंडीत जाऊन खेळली अशा मॅच उरल्या दोन, पेन स्टेटला गेलेली डॅलसची एसएमयू आणि कोलंबसला गेलेली टेनेसी. दोन मॅचवरून नियम काढायचा म्हणजे दोन बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून एसटीत गर्दीच नसते म्हणण्यासारखं आहे.

आणि त्या दोन मॅचमध्ये तरी काय झालं? एसएमयूच्या क्वार्टरबॅकने (पास फेकणारा मुख्य खेळाडू), केविन जेनिंग्सने, तीन इंटरसेप्शन दिले, म्हणजे पास समोरच्यांच्या हातात दिले, त्यातले दोन पेन स्टेटच्या लाइनबॅकरांनी, म्हणजे डिफेन्सच्या खेळाडूंनी, थेट टचडाउनला (मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे) नेले, हाफटाइमला २८-० आणि शेवटी ३८-१०. हात गारठले म्हणून बॉल सुटला असता तर फंबल दिसले असते, हे चुकीच्या माणसाकडे फेकलेले बॉल होते, एक लाख लोक कानात ओरडत असताना समोर चांगला डिफेन्स असला की असे बॉल फेकले जातात. त्यात थंडीचा वाटा शून्य होता असं मी म्हणणार नाही, पण माझ्या मते आवाजाचा वाटा जास्त होता. कोलंबसला तर उलटंच. रात्रीची मॅच, उणे चारच्या आसपास, आणि ओहायो स्टेटच्या विल हॉवर्डने २९ पैकी २४ पास पूर्ण केले, ३११ यार्ड. जेरेमाया स्मिथने दोन टचडाउन घेतले, आणि हा पोरगा कुठला, साउथ फ्लोरिडाचा! मायामीच्या उन्हात वाढलेला एकोणीस वर्षांचा मुलगा कोलंबसच्या थंडीत मस्त बॉल झेलतोय आणि टेनेसीवाले म्हणतायत आम्ही साउथचे म्हणून हरलो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पहिल्या क्वार्टरमध्येच २१-० होतं. टेनेसीचा मुख्य रनिंग बॅक डिलन सॅम्पसन हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) दुखापतीमुळे जेमतेम दोनदा बॉल घेऊन पळाला, आणि टेनेसीची सगळी गाडी त्याच्यावर चालायची, ते एक कारण रूममेटला सांग, ते थंडीपेक्षा खरं आहे. शिवाय पुढे ओहायो स्टेटने पासाडेनाला ओरेगॉनला ४१-२१, डॅलसजवळ टेक्सासला २८-१४ आणि अटलांटाला नोत्र दामला ३४-२३ हरवून चॅम्पियनशिप घेतली. पासाडेनाला छान हवा, बाकी दोन्ही ठिकाणी डोक्यावर छप्पर. जी टीम कुठेही जिंकत होती ती थंडीतही जिंकली एवढंच.

आता याचा अर्थ थंडी काहीच करत नाही असा नाही, उलट बरंच काही करते, फक्त लोकांना वाटतं तिथे करत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जो माणूस खेळतोय त्याला उणे चारला फारशी थंडी वाजत नाही. स्नायू काम करतायत, उष्णता तयार होतेय, अंगावर पॅड आहेत, हेल्मेट आहे. थंडी वाजते बेंचवरच्याला. चाळीस मिनिटं उभा असलेला बॅकअप कॉर्नरबॅक अचानक आत जातो आणि पहिल्याच प्लेला पूर्ण वेगाने पळतो, तिथे हॅमस्ट्रिंग जातं. म्हणून डिसेंबरात माझं अर्धं लक्ष मैदानाकडे नसतंच, मागे असतं, कोण बसलाय, कोण हलत नाहीये. साइडलाइनला एक सायकल ठेवतो, आळीपाळीने पोरांना तिच्यावर बसवतो. गरम हवेचे बेंच मोठ्या कॉलेजांकडे असतात, त्यांना हेल्मेट गरम ठेवायच्या खुंट्याही असतात. पण त्या बेंचचा एक तोटा कोणी सांगत नाही, पोरगा तिथे बसला की घामाने भिजलेला आतला शर्ट गरम हवेने कोमट होतो, मग तो उठून वाऱ्यात जातो आणि पाच मिनिटांत आधीपेक्षा जास्त कुडकुडतो. त्यामुळे हाफटाइमला आमचा पहिला नियम म्हणजे आतला शर्ट आणि मोजे बदला, मग कोचचं भाषण ऐका. कोचला हे आवडत नाही. सतरा वर्षांत चार कोच झाले, एकालाही आवडलं नाही.

दुसरं म्हणजे हात. बोटांच्या कातडीचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक काम बिघडायला लागतं, नसांमधून संदेश हळू जातो, बोटं ऐकत नाहीत. म्हणून क्वार्टरबॅक कमरेला ती हात घालायची पिशवी बांधतो आणि प्रत्येक प्लेनंतर हात आत. आपल्याला सगळ्यांना क्वार्टरबॅकच दिसतो पण मला काळजी असते लाँग स्नॅपरची, म्हणजे पंटच्या (बॉल लाथेने लांब समोरच्यांकडे मारायच्या) वेळी दोन पायांमधून मागे बॉल फेकणारा. तो अख्ख्या मॅचमध्ये दहा-बारा वेळा आत जातो, बाकी वेळ गारठत उभा, आणि त्याचा एक बॉल डोक्यावरून गेला की मॅच गेली. आमच्या एका नोव्हेंबरच्या मॅचला अगदी हेच झालं, आणि चूक माझी होती, त्याच्या हातात गरम पाकिटं द्यायची राहून गेली होती. अजून आठवतं.

तिसरा बॉल स्वतः. नियमाने त्यात साडेबारा ते साडेतेरा पीएसआय (दाबाचं एकक) हवा हवी. समजा गरम खोलीत २१ अंशांना १३ भरली आणि बॉल उणे चारमध्ये नेला, तर काही वेळाने दाब पावणेअकराच्या आसपास येतो, शाळेतला गॅसचा नियम आहे, कोणी लबाडी केलेली नसते. (२०१५ मध्ये एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पेट्रियट्स टीमच्या बॉलवरून जो गदारोळ झाला त्यातला एक मोठा वाद हाच होता.) कमी दाबाचा बॉल हातात धरायला उलट सोपा, पण लाथ मारायला वाईट, कारण तो हवा तसा उसळत नाही, आणि वर थंड हवा दाट, या फरकाला सुमारे नऊ टक्के जास्त दाट. त्यामुळे थंडीचा पहिला बळी किकर. आमचा एक किकर सप्टेंबरात पन्नास यार्ड सहज मारायचा, डिसेंबरात वॉर्मअपला चव्वेचाळीसच्या पुढून मारला की बॉल आखूड पडायचा, मग मी कोचला जाऊन सांगायचो की आज त्रेचाळीसच्या पुढे विचारू नका. आणि हे दोन्ही टीमला सारखंच लागू होतं बरं का, म्हणून थंडीत स्कोअर थोडा खाली येऊ शकतो, पण कोण जिंकणार ते त्याने ठरत नाही.

निकाल बदलायची ताकद आहे ती वाऱ्यात. उणे चारमध्ये ताशी वीस किलोमीटर वारा असला की अंगाला उणे दहा वाटतं हे झालं आपलं, पण बॉलला थंडी वाटत नाही, वारा मात्र वाटतो. उणे दहाला शांत हवेत तीनशे यार्ड पास होऊ शकतात आणि वीस अंशांना सोसाट्याच्या वाऱ्यात होत नाहीत. २०२५ च्या प्लेऑफमध्ये मायामी टेक्सास ए अँड एमला कॉलेज स्टेशनला गेली, थंडीचा पत्ता नाही पण वारा जोरात, फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायचे) इकडेतिकडे चुकत होते, ३-३ वर अडकलेली मॅच मायामीने अगदी शेवटी एका टचडाउनवर १०-३ अशी काढली. अंदाज बघायचा असेल तर तापमानाचा आकडा सोडून दे, वाऱ्याचा बघ आणि त्यातही झोत किती ते बघ.

बर्फाचं वेगळंच. १९५० मध्ये कोलंबसलाच मिशिगन आणि ओहायो स्टेट हिमवादळात खेळले, मिशिगनने अख्ख्या मॅचमध्ये एकही फर्स्ट डाउन (ठरलेल्या संधींत दहा यार्ड पुढे जाणं) मिळवला नाही, एकही पास पूर्ण केला नाही, आणि तरी ९-३ जिंकले! दोन्ही वेळा पॉइंट आले ते समोरच्याचा पंट अडवून. एकट्या मिशिगनने चोवीस पंट मारले, बॉल हातात ठेवण्यापेक्षा समोरच्याच्या गळ्यात टाकणं बरं असा हिशोब. आणि तिथून ती टीम गेली कुठे तर पासाडेनाच्या उन्हात रोझ बोल ही सीझनअखेरची मानाची मॅच खेळायला. हवामानाने निकाल ठरवलेली मॅच म्हणजे अशी. २०२४ च्या चारातली एकही त्याच्या जवळपाससुद्धा नव्हती.

नॉर्थच्या टीमना थंडीची सवय असते यावरही मला जरा बोलायचंय. उन्हाची सवय शरीराला होते, दहा-चौदा दिवसांत, घाम लवकर येतो, रक्तातलं पाणी वाढतं, हे मोजता येतं. थंडीची तशी सवय माणसाला फारशी होत नाही. कुडकुडणं थोडं कमी होतं, डोकं म्हणतं ठीक आहे चालेल, बस. मी निफाडचा, आमच्याकडे डिसेंबरात द्राक्षबागा वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, लहानपणापासून बघितलंय, पण इकडच्या पहिल्या जानेवारीत मला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. आणि मोठ्या नॉर्थच्या टीमकडे छताखाली पूर्ण मैदान असतं, गरम, दिवाणखान्यासारखं, आणि डिसेंबरात प्रॅक्टिस बऱ्याचदा तिथेच होते. सगळ्यात गंमत नॉर्थ डकोटा स्टेटची, बाहेर फार्गोला उणे वीस, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि यांचं घरचं मैदान बंद डोममध्ये. नॉर्थच्या टीमकडे जी गोष्ट खरंच जास्त असते ती शरीराची नाही, सामानाची आणि सवयीच्या क्रमाची. कोणते बूट, किती थर, हातमोजे कधी बदलायचे, पाण्याच्या जागी कोमट सूप कधी द्यायचं (थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र जास्त होते, पोरं कोरडी पडतात आणि त्यांना कळतही नाही), दम्याच्या पोरांचे इनहेलर कुणाच्या खिशात आहेत. हे साउथच्या टीमला बारा दिवसांत शिकता येतं. आपण थंडीला घाबरत नाही हे दाखवायला त्या रात्री टेनेसीची काही पोरं उघड्या अंगाने वॉर्मअपला आली होती, ते बघून मी टीव्हीसमोर कपाळावर हात मारून घेतला. माझी पोरं असती तर ओरडून आत पाठवली असती.

आता कमिटी. खरं घोडं इथे पेंड खातं आणि रूममेटचं अर्धं म्हणणं इथे बरोबर निघतं, फक्त तो म्हणतो त्या कारणाने नाही.

कमिटी टेक्सासमध्ये ग्रेपव्हाइनच्या एका हॉटेलात बसते आणि टीमचा क्रम लावते. कोणाविरुद्ध खेळलात, एकमेकांशी खेळला असाल तर कोण जिंकलं, समान प्रतिस्पर्धी, कॉन्फरन्सची (टीमच्या गटाची) चॅम्पियनशिप, आणि महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध आहे का, असे निकष. हवामान त्यात कुठेही नाही. म्हणजे एका माणसाचा पाय मोडला तर ते बघणार, २०२३ ला बघितलंच की, फ्लोरिडा स्टेट १३-० होती पण क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी म्हणून चारात घेतलं नाही आणि अलाबामाला घेतलं. पण डॅलसची टीम डिसेंबरात पेनसिल्व्हेनियाला पाठवली तर काय होईल हे बघणार नाही. मला विचारशील तर हे बरोबरच आहे, नाहीतर दर डिसेंबरात वेधशाळेचा माणूस कमिटीवर घ्यावा लागेल.

पण थंडी कोणाच्या वाट्याला येणार हे ठरतं मात्र त्याच खोलीतून निघालेल्या यादीवर, आणि त्याहून जास्त त्या यादीचं सीडिंग, म्हणजे प्लेऑफमधले नंबर, कसं करायचं या नियमावर. कसं ते बघ. पहिल्या चार सीडना बाय, म्हणजे पहिली फेरी खेळायचीच नाही. पाच ते आठ नंबर घरी खेळणार, नऊ ते बारा त्यांच्याकडे जाणार. क्वार्टरफायनलपासून सगळं बोलच्या मैदानांवर, म्हणजे पासाडेना आणि मायामी उघडी पण उबदार, न्यू ऑर्लिन्स, अटलांटा, डॅलस आणि फिनिक्सजवळची छपराखाली. म्हणजे संपूर्ण प्लेऑफमध्ये खऱ्या थंडीला शिरायला जागाच चार मॅचची आहे, आणि त्या चार मॅच पाच ते आठ नंबरच्या गावी.

२०२४ ला नियम असा होता की पहिले चार सीड फक्त कॉन्फरन्स चॅम्पियनलाच. त्यामुळे कमिटीच्या यादीत नववी असलेली बॉइझी स्टेट सीडमध्ये तिसरी झाली आणि बारावी असलेली ॲरिझोना स्टेट चौथी झाली, आणि मधले सगळे खाली सरकले. टेनेसी कमिटीच्या यादीत सातवी होती! सातवी म्हणजे घरची मॅच. पण दोघं वर घुसल्यामुळे सीड झालं नऊ आणि बस निघाली कोलंबसला. आता तीच यादी सरळ घे, जसा क्रम तसंच सीड. टेक्सास तीन आणि पेन स्टेट चार, दोघांना बाय, म्हणजे एसएमयूचं पेनसिल्व्हेनियाला जाणं रद्द. टेनेसी सात नंबरवर, नॉक्सव्हिलला आपल्या लाखभर लोकांसमोर, आणि समोर कोण तर दहावी एसएमयू. ओहायो स्टेट सहावी, तिच्याकडे कोलंबसला येणार सीडमध्ये अकरावी ॲरिझोना स्टेट, वाळवंटातली टीम. पाचव्या नोत्र दामकडे साउथ बेंडला येणार सीडमध्ये बारावी क्लेमसन, जी खऱ्या प्लेऑफमध्ये ऑस्टिनच्या उबेत खेळली. आठवी इंडियाना आपल्या घरी ब्लूमिंग्टनला बॉइझी स्टेटशी. टीम त्याच बारा, कमिटीचा क्रम तोच, त्याच तारखा, पण कोण गारठणार ते पूर्ण बदललं. रूममेटला एवढा परिच्छेद वाचून दाखव, त्याला दुःख होईल पण दिशा तरी योग्य मिळेल.

म्हणून मुद्दाम वगैरे काही नाही, पण वाईट नियम होता हे मी मान्य करतो, आणि त्यांनीही केलं, २०२५ पासून सरळ सीडिंग आलं. आणि मग काय झालं? इंडियाना एक, ओहायो स्टेट दोन, जॉर्जिया तीन, टेक्सास टेक चार, सगळ्या बायवर. पाच ते आठ म्हणजे ओरेगॉन, मिसिसिपीची ओल मिस, टेक्सास ए अँड एम आणि ओक्लाहोमा. ओरेगॉनच्या युजीनला डिसेंबरात पाऊस असतो पण हाडं गोठत नाहीत, ओल मिसचं ऑक्सफर्ड आणि ए अँड एमचं कॉलेज स्टेशन साउथमध्येच, ओक्लाहोमाच्या नॉर्मनला त्या रात्री स्वेटरची हवा. मिडवेस्टमधली एकही मॅच नाही! ज्या दोन टीमकडे खरी थंडी होती त्या इतक्या चांगल्या निघाल्या की त्यांना घरी खेळावंच लागलं नाही. जुन्या नियमाने टुलेन चौथी झाली असती, ओहायो स्टेट पाचवी, आणि व्हर्जिनियाची जेम्स मॅडिसन कोलंबसला गेली असती. त्या वर्षी सगळ्यात मोठी बोंब नोत्र दामला बाहेर ठेवल्याची झाली, १०-२ असून अकरावी, कारण दहाव्या मायामीने तिला सीझनच्या पहिल्याच मॅचला २७-२४ हरवलं होतं. तिथेही काही लोक म्हणत होते की साउथ बेंडची थंडी टाळली. अरे, दहावी असती तरी तिला टेक्सासलाच जावं लागलं असतं, घरी कुठे खेळणार होती!

आणि थंडी नसतानाचे निकाल बघ, पाहुण्या टीमने चारातल्या दोन जिंकल्या, अलाबामाने ओक्लाहोमाला १७-० मागे पडून ३४-२४ हरवलं आणि मायामीचं वर सांगितलंच. मग यावरून थंडीचा सिद्धांत खरा ठरला का? नाही रे, सात ते दहा नंबरच्या टीम जवळजवळ सारख्याच असतात, त्यांच्यातली मॅच कुठेही कशीही जाऊ शकते. टुलेन ४१-१० हरली आणि जेम्स मॅडिसनने ओरेगॉनकडून ५१ पॉइंट खाल्ले, तिथे कोणी हवामानाचं नाव काढलं नाही, कारण फरक उघड दिसत होता.

एक गोष्ट मात्र मला ट्रेनर म्हणून खटकते, ती बायची. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत आठ टीमना बाय मिळाला, त्यातल्या सात पहिल्याच मॅचला हरल्या, एकटी इंडियाना वाचली आणि तिने तर पुढे मायामीला २७-२१ हरवून अख्खं प्लेऑफ जिंकलं. कॉन्फरन्सची फायनल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि पुढची मॅच एकदम ३१ डिसेंबर किंवा १ जानेवारीला, म्हणजे साडेतीन आठवडे खरा मार खायचाच नाही. दुखापती बऱ्या होतात हे खरं, पण टाइमिंग जातं. मला कोणी विचारलं की बाय हवा की उणे पाचमध्ये घरची मॅच, तर मी घरची मॅच घेईन. आकडा अजून छोटा आहे हे मला कळतं, वर मीच तुला दोन मॅचवरून बोलू नको म्हटलं, पण तरी.

आणि टीम निवडणं म्हणजे फक्त कमिटी नाही, कोचला अकरा माणसं उभी करावी लागतात. याच पंधरवड्यात पोरांच्या परीक्षा असतात आणि २०२४ ला तर ट्रान्सफर पोर्टलही (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) ऐन डिसेंबरात उघडं होतं, पेन स्टेटचा बॅकअप क्वार्टरबॅक बो प्रिब्युला प्लेऑफ सुरू व्हायच्या आधीच टीम सोडून पोर्टलमध्ये गेला. त्याला नवीन कॉलेज बघायचं होतं, त्याची चूक नाही. पण थंडीत जिथे बेंच सगळ्यात महत्त्वाचा तिथेच बेंच रिकामा होत होता. माझ्यासारख्याला तापमापकापेक्षा याची धास्ती जास्त.

आता तुझा तिसरा प्रश्न, कपडे. जाकीट कितीही महागडं घेतलंस तरी थंडी वरून येत नाही, खालून येते. स्टेडियमच्या पायऱ्या काँक्रीटच्या आणि बाक ॲल्युमिनियमचे, बुटाच्या तळातून पाय गारठतात आणि दुसऱ्या क्वार्टरला माणूस घरी जायच्या गोष्टी करतो. पुठ्ठ्याच्या खोक्याचे दोन तुकडे कापून ने, एक पायाखाली, एक बुडाखाली, फक्त आत नेऊ देतात का ते गेटचे नियम वाचून आधी बघ. मोजे लोकरीचे, एकच जोड, दोन घातलेस तर बूट घट्ट होतो आणि रक्त पोचत नाही. सुती बनियन नको, चालत येताना घाम आला की तो तिथेच भिजून बसतो. हातात गरम पाकिटं घेतोसच तर मनगटाच्या आतल्या बाजूला ठेव. आणि रूममेटला म्हणावं ते केशरी जर्सीवर स्टाइल मारत उघडं बसणं बंद कर, जर्सी जाकिटाच्या वरून घाल, दोन साइझ मोठी मिळते.